डार्टला पुढे स्कोप आहे का? शिकायचं की नाही ते ठरवायचं कसं

"सर, फ्लटर शिकू का? पण गुगल ते बंद करणार म्हणतात, मग डार्ट शिकून काय करू?" हा प्रश्न इतक्या पोरांकडून येतो की एकदाच सगळं लिहून ठेवावं म्हटलं. (डार्ट ही गुगलची प्रोग्रामिंग लँग्वेज, आणि फ्लटर हे त्या लँग्वेजमध्ये मोबाइल ॲप बनवायचं गुगलचंच फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा.) हो किंवा नाही असं एका शब्दात सांगणारे भरपूर आहेत, थंबनेलवर कवटी लावून फ्लटर मेलं म्हणणारेही आहेत आणि थोड्या दिवसांनी तेच फ्लटरचा कोर्स विकायला आणतात. मी इथे हो-नाही सांगणार नाहीये, ठरवायचं कसं ते सांगतोय. कारण पुढच्या पाच वर्षांत एखाद्या लँग्वेजचं काय होईल हे खरंच कोणाला सांगता येत नाही, ती बनवणाऱ्यांनाही नाही. पण ती मागे पडली तर तुमचं किती जाईल हे मात्र बऱ्यापैकी मोजता येतं, आणि ते मोजायला दोन वीकेंड पुरतात.

उदाहरण डार्टचं घेतलंय कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. पण ज्याच्या भविष्याबद्दल लोकांना शंका आहे अशा कुठल्याही लँग्वेजला हीच पद्धत लावून बघा.

पायरी १ – आधी कशासाठी ते लिहून काढा

डोक्यात नको, कागदावर. एकच वाक्य. "मला जून महिन्यापर्यंत पहिली नोकरी पाहिजे" किंवा "काकांच्या दुकानासाठी उधारीचं ॲप बनवायचंय" किंवा "फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे". या तिन्ही माणसांसाठी उत्तर वेगळं येणार आहे आणि गोंधळ होतो तो इथेच, कारण तिघंही एकच प्रश्न विचारतात आणि तिघांनाही एकच उत्तर मिळतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला लँग्वेज दहा वर्षं टिकेल की नाही याने काडीचाही फरक पडत नाही. सबमिशन झालं, व्हायवा झाली, विषय संपला. जे पटकन बनेल ते वापरा.

फ्रीलान्सचं वेगळं आहे. क्लायंट कधीच विचारत नाही की ॲप कशात लिहिलंय, त्याला दिसतं ते बटण आणि बिल. पण अँड्रॉइडच्या नव्या व्हर्जनप्रमाणे ॲप अपडेट ठेवायची अट प्ले स्टोअर दरवर्षी पुढे सरकवत असतं, म्हणजे आज दिलेलं ॲप पुढच्या वर्षी परत उघडावं लागणार आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. म्हणून इथे विचार असा करायचा की माझा हा क्लायंट जितकी वर्षं ॲप वापरेल तितकी वर्षं हे फ्रेमवर्क अपडेट होत राहील का. तीन-चार वर्षं, बस. दहा वर्षांची काळजी करायची गरज नाही.

आणि पहिली नोकरी पाहिजे असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या नीट वाचा, तुमचंच काम जास्त अवघड आहे.

पायरी २ – बातम्या नको, जन्मापासूनचा इतिहास बघा

डार्टची गोष्ट यासाठी फार मस्त आहे. गुगलने ऑक्टोबर २०११ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑरहूसच्या एका कॉन्फरन्समध्ये डार्ट जगासमोर आणली. क्रोममध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट इंजिन ज्यांनी बनवलं ते लार्स बाक यामागे होते, म्हणजे माणसं काही साधीसुधी नव्हती. स्वप्न असं होतं की जावास्क्रिप्टची जागा डार्ट घेणार, ब्राउझरमध्ये डार्टचं स्वतःचं इंजिन बसणार. डार्टियम नावाचं त्यासाठीचं खास क्रोमियमही (क्रोमचं ओपन सोर्स रूप) काढलं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये १.० आलं, २०१४ मध्ये जावास्क्रिप्टचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या एक्मा संघटनेकडून स्टँडर्डही मिळालं. कागदावर सगळं एकदम भक्कम.

पण बाकीच्या ब्राउझरवाल्यांनी हात लावला नाही, त्यात ऑक्टोबर २०१२ मध्येच मायक्रोसॉफ्टचं टाइपस्क्रिप्ट आलं होतं ज्यात जुनं जावास्क्रिप्ट टाकून न देता हळूहळू पुढे जाता येत होतं. शेवटी मार्च २०१५ मध्ये गुगलनेच जाहीर केलं की डार्टचं इंजिन क्रोममध्ये येणार नाही, डार्टचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करून चालवू. ज्या कामासाठी लँग्वेज जन्माला आली तेच काम गेलं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं, सोड रे बाबा, दुसरं काहीतरी शिक.

आणि नेमकं त्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, डार्टवाल्यांच्याच संमेलनात स्काय नावाचा एक प्रयोग दाखवला गेला, मोबाइलवर स्मूथ चालणारे स्क्रीन डार्टमध्ये लिहिण्याचा. त्याचंच पुढे फ्लटर झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये डार्ट २ आली, टाइपच्या बाबतीत बरीच कडक झालेली, डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटर १.० आलं, आणि वेब ब्राउझरसाठी बनलेली लँग्वेज मोबाइल ॲपची लँग्वेज म्हणून ओळखली जायला लागली.

मधल्या काळात ती जिवंत का राहिली हे विशेष बघण्यासारखं आहे. गुगलच्या जाहिरातींचा जो धंदा, ज्यावर सगळी कंपनी चालते, त्याच्या वेबसाइटचे स्क्रीन डार्टमध्ये लिहिलेले होते. बाहेर कोणी विचारत नव्हतं तेव्हा आत मात्र पैसा मिळवून देणारं काम त्यावर चालू होतं. म्हणून लँग्वेजची चौकशी करताना किती लोक कौतुक करतात यापेक्षा कोणाचं बंद न करता येणारं काम तिच्यावर अडकलंय हे शोधा, ते जास्त खरं सांगतं.

तुम्ही जी लँग्वेज बघताय तिचा असा इतिहास एका संध्याकाळी काढता येतो. रिलीज नोट्स उघडा, पहिलं व्हर्जन कधी, शेवटचं कधी, मध्ये किती गॅप, मोठे बदल किती वेळा झाले आणि तेव्हा जुना कोड मोडला का. एल्म बघा. फ्रंटएंडची फार सुंदर लँग्वेज, ०.१९ आलं ऑगस्ट २०१८ मध्ये, ०.१९.१ ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि त्यानंतर वर्षानुवर्षं शांतता. वापरणारे सांगतात की आहे ते व्यवस्थित चालतं, आणि ते खरंही आहे, पण नवशिक्याने अशा शांततेत उडी मारताना विचार करावा. डार्टमध्ये उलटं आहे, इथे फार हालचाल आहे आणि त्याचाही त्रास होतो, ते पुढे सांगतो.

पायरी ३ – पैसे कोण देतं आणि उभी कशावर आहे

लायसन्सपासून सुरू करा. डार्ट आणि फ्लटर दोन्ही ओपन सोर्स आहेत, बीएसडी लायसन्स. म्हणजे गुगलने उद्या हात काढला तरी कोड कोणी परत घेऊ शकत नाही, दुसरं कोणीही पुढे चालवू शकतं. हे ऐकायला छान वाटतं पण चालवणार कोण हा खरा प्रश्न आहे, कारण कंपायलर आणि इंजिनचं काम शनिवार-रविवारी हौसेने होत नाही, त्याला पगारी माणसं लागतात. एप्रिल २०२४ च्या शेवटी गुगलने जी कपात केली त्यात फ्लटर, डार्ट आणि पायथनच्या टीममधलीही माणसं गेली, तेव्हा घबराट झाली ती यामुळेच. तेव्हापासून बंद होणार, बंद होणार चालू आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लटर टीममध्ये आधी काम केलेल्या एका इंजिनिअरने फ्लॉक नावाचा वेगळा फाटा काढला, म्हणणं असं की गुगलची टीम छोटी, वापरणारे अफाट, बग वर्षानुवर्षं पडून राहतात. जानेवारी २०२५ मध्ये डार्टमधलं मॅक्रो नावाचं, तोचतोच कोड आपोआप लिहून देणारं बहुचर्चित फीचर टीमने सोडून दिल्याचं जाहीर केलं.

हे सगळं वाचून घाबरायचं का? थांबा. दुसरी बाजूही लिहा. कपातीनंतरही नवीन व्हर्जन दर काही महिन्यांनी येतच राहिली. गुगल पे, जे तुम्ही चहाच्या टपरीवर रोज उघडता, ते फ्लटरवर नव्याने लिहिलं गेलं. बीएमडब्ल्यूचं गाडीसोबतचं ॲप फ्लटरमध्ये आहे, उबुंटूचा नवा इन्स्टॉलर फ्लटरमध्ये आहे. आणि वेबवाल्यांना कदाचित माहीत नसेल, सॅस हे जे सीएसएससाठी वापरतो त्याचं आजचं मुख्य रूप डार्टमध्येच लिहिलेलं आहे, रुबी लँग्वेजमधलं जुनं रूप २०१९ मध्ये बंद झालं. मॅक्रो सोडून देणं हीसुद्धा मला तरी चांगली खूण वाटली, न झेपणारं काम वर्षानुवर्षं लटकवत ठेवण्यापेक्षा नाही म्हणणं परवडलं.

आता कमकुवत जागा. डार्ट जवळपास पूर्णपणे फ्लटरवर उभी आहे, एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणारं दुकान असतं तसं. पायथनचं एक क्षेत्र आटलं तरी दुसरी दहा आहेत, डार्टचं तसं नाही. डार्टमध्ये सर्व्हर लिहिता येतो, कमांड लाइनची टूल्स लिहिता येतात, पण त्यासाठी कोणी पगार देतंय असं क्वचित दिसेल. म्हणून डार्टला स्कोप आहे का हा प्रश्न खरं तर फ्लटरला स्कोप आहे का असा आहे, आणि फ्लटरचे स्पर्धक कोण हे बघावं लागतं. एक रिॲक्ट नेटिव्ह, जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल ॲप बनवायचं, मेटाचं, २०१५ पासूनचं, ज्याला जावास्क्रिप्ट येणारी अख्खी फौज मिळते. दुसरं कोट्लिन मल्टिप्लॅटफॉर्म, म्हणजे अँड्रॉइडची कोट्लिन लँग्वेज आयफोनसाठीही वापरायची सोय, जेटब्रेन्स कंपनीची, नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टेबल झालं आणि मे २०२४ मध्ये खुद्द गुगलनेच अँड्रॉइडच्या बाजूने त्याला पाठिंबा जाहीर केला. एकाच घरातून दोन घोड्यांना चारा घातला जातोय म्हटल्यावर लोकांना शंका येणारच, त्यात त्यांची चूक नाही.

अशी दोन कॉलमची यादी तुमच्या लँग्वेजसाठी करा. एका बाजूला अडकलेलं काम, दुसऱ्या बाजूला धोके. बेरीज-वजाबाकी करू नका, नुसती समोर ठेवा.

पायरी ४ – मेली म्हणजे नेमकं काय झालं असतं

इथे जरा जास्त लिहिणार आहे कारण भीती सगळी याच शब्दाची आहे. लँग्वेज मरायचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकात माणसांचं नुकसान वेगळं होतं.

फ्लॅशचं ॲक्शनस्क्रिप्ट घ्या. तिथे एका कंपनीचा प्लेअर लागायचा, तो गेला की सगळं गेलं. ॲडोबीने जुलै २०१७ मध्ये सांगितलं की २०२० च्या शेवटी बंद, आणि जानेवारी २०२१ मध्ये प्लेअरमध्ये फ्लॅशचं काही चालेनासं झालं. सगळ्यात वाईट प्रकार हा, लिहिलेलं कामही चालत नाही. तरीसुद्धा बघा, सूचना तीन वर्षांपेक्षा जास्त आधी मिळाली होती, आणि आयफोनवर फ्लॅश कधीच चालत नव्हतं त्यामुळे समजणाऱ्यांना त्याच्याही कितीतरी आधी समजलं होतं.

व्हिज्युअल बेसिक ६ वेगळं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या एडिटरचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपवला, पण त्यात लिहिलेली सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवरही चालतात. नवीन काम शून्य, जुनं काम कोणालातरी सांभाळावं लागतंच. कोबोल तर १९५९ ची, आणि एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या गडबडीत अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल येणारे स्वयंसेवक पाहिजेत असं जाहीरपणे म्हणावं लागलं होतं, कारण बेकारी भत्त्याच्या जुन्या सिस्टिमवर ताण आला होता. (म्हणून आता कोबोल शिका असं म्हणत नाहीये हं, तिथे नुसती लँग्वेज नाही, चाळीस वर्षांचा बँकिंगचा पसारा समजावा लागतो.)

ऑब्जेक्टिव्ह-सीचं असं झालं की जून २०१४ मध्ये ॲपलने स्विफ्ट आणली. जुनी बंद नाही केली, पण नवीन शिकणाऱ्याने कुठे जायचं ते दाखवून दिलं. ज्यांना ऑब्जेक्टिव्ह-सी येत होती त्यांचं आयफोनचं सगळं ज्ञान तसंच राहिलं, फक्त लिहायची पद्धत बदलली, थोडी मेहनत करून माणसं सरकली.

आणि माझा आवडता प्रकार कॉफीस्क्रिप्टचा. २००९ ची लँग्वेज, लिहायची तिच्यात आणि तिचं जावास्क्रिप्ट व्हायचं, २०११ मध्ये रेल्स ३.१ (रुबीचं वेब फ्रेमवर्क) सोबत आपोआप यायची, सगळीकडे तीच. मग २०१५ मध्ये जावास्क्रिप्टमध्येच ॲरो फंक्शन, क्लास, डीस्ट्रक्चरिंग आलं आणि कॉफीस्क्रिप्टची गरज संपली. पण ज्यांनी ती शिकली होती त्यांना नवं जावास्क्रिप्ट बघून काही नवीन वाटलंच नाही, ते आधीपासून तसाच विचार करत होते.

आता डार्ट यातल्या कुठल्या प्रकारात जाईल? फ्लॅशसारखं होणं अवघड, कारण फ्लटरचं ॲप बिल्ड झाल्यावर ते फोनसाठीचं साधं ॲप असतं, त्याला वेगळा प्लेअर लागत नाही, गुगलने काम थांबवलं म्हणून दुसऱ्या दिवशी ॲप बंद पडणार नाही. पण अँड्रॉइड आणि आयओएस दरवर्षी बदलतात, त्यामुळे अपडेट थांबले तर वर्ष-दोन वर्षांत अडचणी सुरू होतील. माझा अंदाज, नुसता अंदाज, की वाईटात वाईट झालं तर व्हीबी आणि ऑब्जेक्टिव्ह-सी यांच्या मधलं काहीतरी होईल, नवीन प्रोजेक्ट कमी आणि असलेली ॲप सांभाळायचं काम बरीच वर्षं.

पायरी ५ – तुमच्या शहरातल्या जाहिराती मोजा

जगातल्या सर्व्हेचे आकडे बाजूला ठेवा. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, जे वापरता ते उघडा आणि शहराचा फिल्टर लावा, पुणे, नाशिक, कोल्हापूर, जिथे तुम्ही खरंच जाऊन राहणार आहात ते. डार्ट टाकून शोधू नका, जाहिरातीत फ्लटर लिहिलेलं असतं. मग अनुभव शून्य ते एक वर्ष हा फिल्टर लावा आणि आकडा किती खाली येतो ते बघा, इथे बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. तोच शोध जावा आणि रिॲक्टसाठी करा. आठवड्यातून एकदा, महिनाभर, वहीत लिहा. एका दिवसाचा आकडा फसवतो.

जाहिराती उघडून वाचायच्याही आहेत, नुसत्या मोजायच्या नाहीत. फ्लटर डेव्हलपर म्हणून मागतात आणि खाली अँड्रॉइडचं नेटिव्ह ज्ञान, फायरबेस, रेस्ट एपीआय, गिट असं सगळं मागितलेलं असतं. म्हणजे नुसतं डार्ट येऊन भागत नाही, आणि ही एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण या यादीतलं बहुतेक सगळं डार्ट गेली तरी राहतं.

कॅम्पसची तयारी करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, ऑनलाइन टेस्टमध्ये बहुतेक वेळा सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन यातलंच काहीतरी निवडायचं असतं. तिथे डार्टचा काही उपयोग नाही. तुमच्या वाक्यात पहिली नोकरी असेल आणि यातली एकही लँग्वेज धड येत नसेल तर डार्ट आत्ता नको. आधी एक रुंद पायाची, मग ही. याबाबतीत मी जरा हट्टी आहे.

पायरी ६ – बुडाली तर हातात काय उरेल ते लिहा

दोन भाग करा, सोबत येणारं आणि तिथेच राहणारं.

डार्टमधून सोबत येतं ते असं. क्लास, जेनेरिक, क्लोजर, ही तर कुठेही. असिंक-अवेट, म्हणजे नेटवर्कवरून डेटा येईपर्यंत न अडकता काम चालू ठेवणं, हे जावास्क्रिप्ट, सी-शार्प, स्विफ्ट, पायथन सगळीकडे जवळपास याच शब्दांत आहे. नल सेफ्टी, म्हणजे रिकाम्या (नल) व्हॅल्यूमुळे होणाऱ्या चुका लँग्वेजने आधीच पकडणं, जी डार्टमध्ये मार्च २०२१ ला २.१२ मध्ये आली आणि डार्ट ३ पासून सक्तीची झाली, ती समजली की कोट्लिन आणि स्विफ्टमधली प्रश्नचिन्हं ओळखीची वाटतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्क्रीन बनवायची पद्धत. डेटा बदलला की स्क्रीन त्याप्रमाणे परत उभा राहतो, आपण एकेक बटण हाताने बदलत बसत नाही, हा विचार रिॲक्टमध्ये आहे, अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोजमध्ये आहे, ॲपलच्या स्विफ्टयूआयमध्ये आहे. स्टेट, म्हणजे स्क्रीनमागचा बदलणारा डेटा, कुठे ठेवायची याचा जो ताप फ्लटरमध्ये होतो तोच ताप तिकडेही होतो, त्यामुळे तो एकदा सोसला की फुकट जात नाही.

तिथेच राहतं ते म्हणजे विजेटची (स्क्रीनच्या तुकड्यांची) नावं, पॅकेजची नावं, ती पॅकेज जिथे लिहून ठेवायची त्या पबस्पेक फाइलच्या खोड्या, कुठल्या स्टेट मॅनेजमेंट पॅकेजची बाजू घ्यायची यावरची भांडणं. या गोष्टी पाठ करण्यात महिने घालवू नका. इंटरव्ह्यूपुरतं बघितलं तरी चालतं.

तुमच्या लँग्वेजमध्ये तिथेच राहणारा भाग अर्ध्याहून जास्त निघाला तर सावध व्हा, मग ती लँग्वेज कितीही गाजत असो.

पायरी ७ – दोन वीकेंड हात घाण करा

पहिल्या वीकेंडला काहीही इन्स्टॉल करू नका. डार्टपॅड ब्राउझरमध्येच चालतं, लिहायचं आणि रन करायचं. खर्चाचा हिशोब ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहा, लिस्ट, मॅप, फंक्शन, एखादा क्लास, थोडं असिंक. दुसरी कुठलीही लँग्वेज येत असेल तर दोन दिवसांत होतं. अजून एकही लँग्वेज येत नसेल तर वेळ लागेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसऱ्या वीकेंडला फ्लटर बसवा, आणि इथे खरी परीक्षा आहे. व्हीएस कोड आणि अँड्रॉइडची टूल्स टाकून टर्मिनलमध्ये फ्लटर डॉक्टर चालवा, काय राहिलंय ते तोच सांगतो. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, रडवतो, सरळ स्वतःचा फोन केबलने जोडा आणि यूएसबी डीबगिंग चालू करा. आयफोनसाठी बिल्ड करायचं तर मॅक लागतोच, त्यामुळे एकाच कोडमध्ये दोन्ही ॲप हे वाक्य विंडोज लॅपटॉपवाल्याला अर्धंच लागू होतं. क्लासच्या जाहिरातीत हे लिहिलेलं बघितलंय का कधी?

मग एक स्क्रीन, एक लिस्ट, एक फॉर्म एवढंच करा. रंग बदलून सेव्ह केल्याबरोबर फोनवर बदल दिसतो, हॉट रीलोड म्हणतात त्याला, आणि खरं सांगू तर अर्धे लोक फ्लटरच्या प्रेमात याच क्षणी पडतात.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर अपलोडची तारीख आधी बघा. २०२१ च्या आधीच्या व्हिडिओत रेझ्ड बटण आणि फ्लॅट बटण असतं, ते काढून टाकलेलं आहे, आता एलिव्हेटेड बटण आणि टेक्स्ट बटण. नल सेफ्टीच्या आधीचा कोडही तसाच्या तसा चालत नाही. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय आणि तो रात्रभर डोकं फोडतो. एआयला विचारलं तर तोही कधीकधी जुनंच काढून देतो. मघाशी म्हटलं ना की डार्टमध्ये फार हालचाल आहे, ती अशी टोचते.

आणि पब डॉट डेव्ह या डार्टच्या पॅकेजच्या साइटवर जाऊन तुम्हाला लागणाऱ्या तीन-चार पॅकेजची तब्येत तपासा, शेवटचं व्हर्जन कधी आलं, पब्लिशर कोण, इश्यूंना कोणी उत्तर देतंय का. हाइव्ह नावाचं फोनमध्येच डेटा साठवायचं पॅकेज एकेकाळी जवळपास सगळ्या ट्यूटोरियलमध्ये असायचं, मूळ काम थंडावलं आणि मग बाकीच्यांनी कम्युनिटी एडिशन म्हणून वेगळं पॅकेज काढून ते चालू ठेवलं. लँग्वेजच्या आधी अशी पॅकेज मरतात, आणि रोजच्या कामात त्रास त्यांचाच जास्त होतो.

पायरी ८ – मुदत आणि बाहेर पडायच्या खुणा आधीच लिहा

शिकायचं ठरलं तर किती महिने ते आत्ताच लिहा. रोज दोन तास धरले तर तीन महिन्यांत एक बऱ्यापैकी ॲप गिटहबवर टाकण्याइतकं होतं, त्याच्या पुढे जायचं की नाही ते तेव्हा ठरवा. प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर वेळेत तोही हिशोब धरा, एकदाच भरायची पंचवीस डॉलर फी आहे आणि नव्या वैयक्तिक अकाउंटला आधी बारा टेस्टर जमवून सलग चौदा दिवस क्लोज्ड टेस्टिंग करावं लागतं. बारा माणसं गोळा करणं हे कोडिंगपेक्षा अवघड निघू शकतं, मावस-चुलत भावंडांना आत्ताच सांगून ठेवा.

खुणा म्हणजे अशा. सहा महिने एकही स्टेबल रिलीज नाही. नवीन अँड्रॉइड किंवा आयओएस आलं आणि महिनोनमहिने त्याच्यावर नीट चाललं नाही. गुगलनेच आपली मोठी ॲप दुसऱ्या कशात लिहायला घेतली. तुमच्या वहीतला शहराचा आकडा दोन तिमाही सलग घसरला. गिटहबवर फ्लटरच्या रेपोमध्ये (कोड ठेवायच्या जागेत) इनसाइट्स, मग पल्स, तिथे महिन्याभरात किती जणांनी कोड टाकला दिसतं, ते गळायला लागलं. यातली एखादी दिसली तर नुसती नोंद करा, दोन-तीन एकदम दिसल्या तर नवीन काही शिकायला घ्या. कोणी गुगल सोडून गेल्याची पोस्ट, एखाद्याचा "मी फ्लटर का सोडलं" हा लेख, हे खुणांमध्ये धरायचं नाही.

मग कोणी काय करावं

माझं मत विचाराल तर जावा किंवा पायथन बरी येते आणि मोबाइलची आवड आहे अशाने डार्ट बिनधास्त शिकावी, सोबत येणारा भाग एवढा आहे की घाटा होणं अवघड. फ्रीलान्सवाल्याने तर नक्की. फक्त अँड्रॉइडमध्येच करिअर करायचं पक्कं असेल तर आधी कोट्लिन, त्यात वाद नाही. वेबमधून आलेल्याने रिॲक्ट नेटिव्ह बघावं, अर्धं शिकून झालेलंच आहे. ज्याला अजून फॉर लूप लिहिताना अडखळायला होतं त्याने स्कोपची चर्चा सध्या बाजूला ठेवावी, फॉर लूप सगळीकडे सारखाच आहे.

ज्यांनी क्लासची फी आधीच भरलीये आणि आता पोटात गोळा आलाय त्यांनी क्लास सोडू नका, पण सरांना दोन गोष्टी विचारा. अभ्यासक्रमातला कोड डार्ट ३ चा आहे का, आणि शेवटी प्रत्येकाचं वेगळं ॲप होणार आहे की सगळ्यांचं तेच एक न्यूज ॲप. दुसऱ्याचं उत्तर न्यूज ॲप असेल तर ते करा, आणि घरी आल्यावर काकांच्या उधारीचं सुरू करा.